बोर्डावरचं बेट

बेटावर जायचं ठरलं तेव्हा दुसऱ्या कोणी केलं असतं त्यातलं बोर्डकाकांनी काहीच केलं नाही. नवी बॅग बघितली नाही, उन्हाची टोपी शोधली नाही. कपाटामागे उभा करून ठेवलेला बोर्ड त्यांनी एकट्यानं फरफटत स्वयंपाकघरात आणला, भिंतीवरचं घड्याळ आणि दोन तवे खाली उतरवले आणि तिथं तो टांगला. मग दोन पावलं मागं सरकून, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. आता कुठं त्यांना सुट्टीवर जाणार असल्यासारखं वाटायला लागलं.

काका बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावायचे, तिथला हा जुना ड्युटीबोर्ड. लाकडी, दाराएवढा. आडवे वार, उभे तास, आणि प्रत्येक ठिकाणी एक खाच. खाचेत रंगीत पट्टी बसवायची. पट्टी ज्याची, त्या तासाला गाडी त्याची. डेपोत कॉम्प्युटर आला आणि बोर्ड भंगारात निघाला, तेव्हा काकांनी एका ड्रायव्हरला गळ घालून तो रिकाम्या बसमधून घरी आणवला. कॉम्प्युटर ते शिकले, तक्रार न करता शिकले, पण मनातल्या मनात निवृत्तीपर्यंत खाचाच भरत राहिले. ड्रायव्हर त्यांना बोर्डकाका म्हणायचे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं.

बोर्डाचे कायदे दोनच. एक म्हणजे खाच रिकामी राहता कामा नये. रिकामी खाच म्हणजे थांब्यावर शिव्या देणारी माणसं, आणि त्या शिव्या शेवटी काकांच्या टेबलावरच यायच्या. दुसरा कायदा असा, की एका खाचेत एकच पट्टी. एका गाडीला दोन ड्रायव्हर दिले तर एक जण चालवणार आणि दुसरा खिडकीबाहेर बघत बसणार. खाच सुतारानं केलीच होती तेवढी अरुंद.

आता हे कायदे माणसानं डेपोत ठेवून घरी यावं. पण काकांच्या घरीही तेच चालायचं, आणि त्यात एकट्या काकांचा दोष नव्हता. बायको इस्पितळात सिस्टर. गल्लीतली सगळी तिला सिस्टर म्हणत, आणि खुद्द काकाही म्हणत, म्हणून पाहुणे दचकत. लेक झाली तेव्हा दोघांनी ठरवलं, पोर एकटी राहायला नको. काकांनी दिवसपाळी घेतली, सिस्टरनी रात्रपाळी. सुट्ट्यासुद्धा वेगवेगळ्या दिवशी. सकाळी सिस्टर यायच्या आणि काका निघायचे. संध्याकाळी काका यायचे आणि सिस्टर निघायच्या. मधे दारात काय ती भेट. पोरीला ताप आहे, गॅस संपत आलाय, तुझ्या भावाचा फोन होता, जपून जा. सगळा संसार त्यांनी उंबऱ्यावर उभ्या उभ्या केला आणि बरा केला. लेक जागी झाली की अंथरुणातूनच ओरडायची, "आज कोण?" आणि घरात जे असेल ते म्हणायचं, "मी!" पुढं तिचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली, पण पाळ्या तशाच राहिल्या. कोणी बदलल्याच नाहीत.

काका महिन्यापूर्वी निवृत्त झाले होते आणि सिस्टरची आता शेवटची रात्रपाळी चालू होती. बेटाची कल्पना सिस्टरचीच. वॉर्डात औषधांच्या कपाटावर एक कॅलेंडर लटकत होतं. त्याच्या एका पानावर भूमध्य समुद्रातल्या त्या मोठ्या बेटाचा फोटो होता. पाण्यापर्यंत उतरलेल्या दगडी पायऱ्या, वर छोटंसं अंगण, पांढरी भिंत आणि भिंतीशी दोन खुर्च्या, समुद्राकडे तोंड करून. महिना सरला, वर्ष सरलं, सिस्टरनी ते पान कोणाला उलटू दिलं नाही. नव्या कॅलेंडरासाठी दुसरा खिळा ठोकावा लागला. निवृत्तीनंतर काय, असं कोणी विचारलं की त्या नुसतं त्या पानाकडे बोट दाखवायच्या.

लेकीनं विमानाची तिकिटं बघून ठेवली होती. सोमवारी सकाळी होय की नाही एवढं सांगायचं होतं. बाकी आखणी काकांकडे. सुरुवातीला काकांची समजूत अशी, की बेट म्हणजे मधोमध उभं राहिलं की दोन्ही हाताला पाणी दिसणार. नकाशा आणल्यावर ती दूर झाली. नकाशावर बोटभर अंतर, पण मधे डोंगर, आणि डोंगराला गुंडाळलेला रस्ता. घाट बघून काका खुलले. भाड्याची गाडी घ्यायची हे ठरलं, आणि गाडी म्हटल्यावर खाचा भरणं आलंच. आठवडाभर त्यांनी त्यात डोकं घातलं होतं. निळ्या पट्ट्या स्वतःच्या, पिवळ्या सिस्टरच्या. प्रत्येक पट्टीवर बारीक अक्षरात ठिकाण. जेवायला बसले तरी नजर भिंतीवर, घास हातात.

शेवटची पाळी संपवून सिस्टर घरी आल्या, तेव्हा एका हातात फुलांचा गुच्छ होता आणि काखेत कॅलेंडरचं ते पान गुंडाळी करून. काका दारातच उभे होते. सवयीनं चपला घालून.

"ये, ये. आधी आत ये. हे बघ!"

सिस्टरनी गुच्छ ओट्यावर ठेवला आणि बोर्ड बघितला. नीट बघितला, पेशंटचा तक्ता बघावा तसा, वरून खाली.

"निळ्या माझ्या, पिवळ्या तुझ्या," काका सांगायला लागले. "तुला सकाळी उठवणार नाही, काळजी करू नकोस. तू झोपलेली असशील तोवर मी गाडी घेऊन हे जुन्या देवळाचे पडके खांब बघून येतो. दुपारी आलो की चावी तुझ्या हातात. मी आडवा होतो, तू समुद्रावर जा, मनसोक्त पोह. ऊन उतरलं की पुढचं गाव. एक खाच रिकामी नाही!"

"छान आहे," सिस्टर म्हणाल्या. "आणि यात आपण भेटतो कुठं?"

"कुठं म्हणजे? हे काय, दुपारी. हॉटेलच्या दारात. चावी देताना."

"आणखी?"

"संध्याकाळी गाडीत असतोच की दोघं."

"गाडी चालवताना तुम्ही तोंड उघडता कधी?"

चालकाशी बोलू नये, ही पाटी काकांनी आयुष्यभर शेकडो बसमध्ये लावून घेतली होती आणि स्वतःही इमानेइतबारे पाळली होती. मेहुण्याच्या लग्नाला जाताना सगळ्या वाटेत ते दोन वेळा बोलले होते, त्यातलं एकदा पेट्रोल पंपावर.

सिस्टरनी काखेतलं पान उलगडलं आणि बोर्डावर त्याच्यासारखं काही दिसतंय का ते शोधायला लागल्या. सापडलं. एका पिवळ्या पट्टीवर लिहिलं होतं, 'खुर्च्या, फोटो'. पुढच्याच खाचेत निळी पट्टी.

"अहो, इथं दोन खुर्च्या आहेत."

"हो, बघितलं ना मी."

"मी एकीवर बसेन. दुसरीवर कोण?"

आता इथं माणसानं क्षणभर थांबावं. पण काकांना प्रश्न आला की उत्तर द्यायची घाई. डेपोत त्याचाच पगार मिळत होता.

"दुसरीवर पर्स ठेव की," ते म्हणाले.

सिस्टर भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भेटायची वेळ संपली हे नातेवाइकांना सांगायचा त्यांचा एक आवाज होता, मऊ, आणि त्यापुढं कोणाचं काही चालत नसे. त्या आवाजात त्या म्हणाल्या, "मला नाही यायचं. तुम्ही जाऊन या." पानाची पुन्हा गुंडाळी केली आणि झोपायला गेल्या. काका स्वयंपाकघरात एकटेच उभे राहिले. इतका नेटका बोर्ड त्यांनी उभ्या आयुष्यात लावला नव्हता.

दुपारी लेकीचा फोन आला. ती अजून फोनवरही तसंच विचारायची.

"आज कोण?"

"मी," काका म्हणाले आणि गाऱ्हाणं घेऊन बसले. तिच्या झोपेचा विचार केला, तिच्या पोहण्याचा केला, आठवडाभर मान मोडून बसलो, आणि हिचं आपलं भलतंच.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, शाळेत मला एकदा घराचं चित्र काढायला सांगितलं होतं. मी घर काढलं, झाड काढलं, मी काढली आणि आई काढली. बाईंनी विचारलं, बाबा नाहीत का तुला? मी म्हटलं, आहेत, पण आज आई आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला किती तरी दिवस वाटायचं, सगळ्यांच्या घरी एका वेळी एकच असतं. मैत्रिणीकडे गेले तर तिचे आईबाबा एका सोफ्यावर बसलेले. मला वाटलं, दोघांपैकी एकाची बस चुकली."

ती हसली. काकाही हसले आणि फोन ठेवला. त्यांनी बोर्डाकडे बघितलं. निळी, पिवळी, निळी, पिवळी. कुठंही दोन रंग एका खाचेत नव्हते, आणि सिस्टर नेमकं तेच म्हणत होत्या. बेट राहिलं बाजूला. बेट नसतं तरी सोमवारपासून दोघं घरातच असणार होती, दिवसभर, दारात भेट न होता, आणि त्याची आखणी कोणीच केली नव्हती. काकांना भीती वाटली. ही भीती आठवडाभर त्यांच्या आसपास घुटमळत होती आणि ते तिच्यावर पट्ट्या लावत होते.

संध्याकाळी सिस्टर उठल्या तेव्हा काकांनी चहा पुढं केला आणि घसा खाकरला.

"नवा मार्ग सुरू करायचा असला की आम्ही आधी त्यावर एक रिकामी गाडी सोडतो. प्रवासी नाहीत, तिकीट नाही. नुसतं जाऊन यायचं. वळणं बसतात का, वेळ लागतो किती, ते कळतं."

"बरं मग?"

"उद्या रविवार आहे. तू आणि मी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गॅलरीत दोन खुर्च्या टाकू. काही करायचं नाही. जमलं तर सोमवारी लेकीला हो म्हणू."

"आणि नाही जमलं तर?"

काकांनी चहाचा कप आणखी जरा पुढं सरकवला. सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "सोडा गाडी."

रविवारी सकाळी गॅलरीत दोन खुर्च्या पडल्या. समोर समुद्र वगैरे काही नव्हता. न्हाव्याचं बंद दुकान, एक साखळी लावलेली सायकल आणि बस थांबा. दोघांनी बोलायला सुरुवात केली ती उंबऱ्यावरच्या वेगानं. नळ गळतोय. जावयाचा खोकला बरा आहे. शेजाऱ्यांनी पडदे बदलले. चहा निवायच्या आत दोघांचं सगळं बोलून संपलं.

मग नुसतं बसायचं होतं, आणि इथंच खरी पंचाईत. समोरून एक बस गेली. "उशिरा आहे," काका म्हणाले. पुढची आली. "ही बरोबर आहे." सिस्टर म्हणाल्या, "बरं." काका नळ बघायला उठले. "बसा," सिस्टर म्हणाल्या. काका बसले. थोड्या वेळानं सिस्टरच उठल्या, आत जाऊन औषधांच्या डब्यातल्या जुन्या गोळ्या निवडायला लागल्या. "बसा!" गॅलरीतून काका ओरडले. त्यांना हे म्हणताना फार बरं वाटलं.

सिस्टर येऊन बसल्या. हाताला काही तरी हवं म्हणून त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि नाडी बघायला लागल्या. घड्याळाकडे बघितलं, मान हलवली.

"ठीक आहे?"

"ठीक आहे. जरा जोरात आहे."

नाडी बघून झाली, पण मनगट सोडायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. काकांनीही आठवण केली नाही.

"एक विचारू?" सिस्टर म्हणाल्या. "ते पडके खांब तुम्हाला इतके कशाला बघायचेत?"

"मला? अगं, तूच ते जाडं पुस्तक दिलं होतंस ना मला, खांबांचं."

"ते मला एका पेशंटनं दिलेलं. जड होतं. कुठं ठेवायचं म्हणून तुमच्या उशाशी ठेवलं."

"मी अख्खं वाचलं ते!"

"का पण?"

"तू दिलंस असं वाटलं म्हणून." काकांचा आवाज पडला. "झोप यायची प्रत्येक पानाला. पण वाचलं."

सिस्टरना हसू आवरेना. काकांनाही मग राग धरता येईना.

"आणि तू? पोहणार आहेस ना? रोज दुपारी लावलंय तुला पोहायला."

"मला पोहता कुठं येतं?"

"मग सारखं समुद्र समुद्र काय करत होतीस?"

"बघायचाय मला तो. आत कशाला जायला हवं?"

काकांनी डोक्याला हात लावला. न येणारं पोहणं आणि नको असलेले खांब, एवढ्यासाठी ते आठवडाभर राबले होते. एकाच छपराखाली इतकी वर्षं काढून त्यांना एकमेकांचं हे एवढंसंही ठाऊक नव्हतं. हसता हसता मनात होतं ते त्यांनी बोलूनच टाकलं.

"सिस्टर, मी दारात बरा वाटतो. पाच मिनिटांचं मला जमतं. दिवसभर माझ्याजवळ बोलायला काय आहे? बसचे नंबर. तू कंटाळशील. म्हणून भरल्या गं खाचा."

सिस्टरनी समोरच्या सायकलीवर नजर ठेवली.

"लेक सासरी गेली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हाच मला दिवसपाळी देत होते. मेट्रन दोनदा विचारायला आली. मी नाही म्हटलं."

"मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घे म्हणाला असता." त्यांनी मनगटावरचा हात काढून घेतला नाही. "माझ्याबरोबरच्या सगळ्या जणी घरचं सांगायच्या. नवरा दिवसभर समोर, पण मान वर करून बघत नाही. तुम्ही दारात माझ्याकडे बघायचात. रोज. थकलीस का म्हणून विचारायचात आणि उत्तर ऐकायला थांबायचात, मग भले गाडी चुको. मला वाटलं, आहे हे चांगलं चाललंय, हात लावायला नको. मी दिवसभर दिसायला लागले, तर तुम्ही बघणार नाही."

काकांचे डोळे भरून आले. ते लपवायला बसकडे बघावं, तर नेमकी बसही येईना. मग त्यांनी लपवलं नाही.

"आज सकाळपासून बघतोय की मी," ते म्हणाले.

"हो. बसकडे."

यावर दोघंही पुन्हा हसली. नंतर फारसं बोलणं झालं नाही. निवृत्तीनंतर लागलेल्या दुपारच्या सवयीनं काकांचे डोळे मिटायला लागले. त्यांनी ताणून उघडे ठेवायचा प्रयत्न केला आणि हरले. दिवसा झोपायच्या सवयीनं सिस्टरही पेंगल्या. जाग आली तेव्हा ऊन न्हाव्याच्या दुकानावरून वर सरकलं होतं, दोघांच्या माना आखडल्या होत्या आणि काकांच्या मनगटावर चार बोटांचे वळ उमटले होते.

"गाडी आली का परत?" सिस्टरनी विचारलं.

"आली."

"वळणं?"

"एक-दोन ठिकाणी घासली," काका म्हणाले. "पण मार्ग चालेल."

सोमवारी सकाळी काकांनी बोर्डावरच्या पट्ट्या काढल्या. आधी खांब काढले, मग पोहणं काढलं, मग घाट, मासळीबंदर, डोंगरावरचं गाव. घाट काढताना त्यांचा हात जरा रेंगाळला. जायचं विमान आणि यायचं विमान तेवढं राहू दिलं. मधल्या सगळ्या खाचा रिकाम्या. एवढ्या रिकाम्या खाचा एका वेळी त्यांनी कधी बघितल्या नव्हत्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. ते केवढ्यानं तरी दचकले. वर्षानुवर्षं रिकाम्या खाचेमागून असाच फोन यायचा.

सिस्टर ओट्याशी उभ्या होत्या. ओल्या हातांनी त्या बोर्डापाशी आल्या आणि काकांच्या खांद्याला खांदा लावून त्या खाचा बघायला लागल्या.

काकांनी फोन उचलला.

"आज कोण?" लेकीनं विचारलं.

'मी' जिभेवर आलंच होतं. काकांनी ते गिळलं.

"दोघं," ते म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं.

"बरं," लेक म्हणाली. "मग तिकिटं काढते."